पिवळ्या पट्टीपलीकडचा अर्ज

१

अण्णांचा अर्ज मंजूर झाला. संचालकबाईंनी हिरव्या शाईने सही केली, खाली तारीख घातली, शिक्का मारला, आणि तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा एकदा मारला.

आता हे विसरायचं. असं काही घडलेलंच नाही. दप्तरात त्याची नोंद नाही, आवक क्रमांक नाही, आणि ज्या कागदाला आवक क्रमांक नसतो तो त्या इमारतीत जन्मालाच आलेला नसतो. तेव्हा सुरुवात करू जुलैमधल्या एका सोमवारपासून. त्या दिवशी अर्ज मंजूर होणं दूरच, तो बेपत्ता होता, आणि बेपत्ता कुणी केला हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीने.

मावशी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मुख्य कारकून होती. साऱ्या कार्यालयाची मावशी, त्यामुळे तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तिचा सख्खा भाचा हा आपोआप साऱ्या कार्यालयाचा भाचा झाला होता. त्या सोमवारी जिना चढताना तो फोनवर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची समजूत घालत होता.

"तोवर पेन ड्राइव्हने चालवा हो. मी उद्या येतोच."

हे वाक्य तो दिवसाला सात-आठ वेळा बोलायचा. त्याच्याकडे कामं कमी आणि उद्या फार होते.

वर बाई वाट बघत होत्या. त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"अण्णांची लेक येऊन गेली," त्या म्हणाल्या. "ही वही ठेवून गेली."

अण्णा म्हणजे तिथले जुने केमिस्ट. एकतीस मार्चला निवृत्त झाले. एक वर्ष मुदतवाढ हवी असेल तर त्याच तारखेच्या आत अर्ज करायचा, असा नियम. अण्णांनी अर्ज केला नाही, निरोपाला थांबले नाहीत, भेट दिलेलं घड्याळ टेबलावरच ठेवून निघून गेले. कार्यालयाने त्याचा अर्थ एवढाच लावला की म्हातारा तुसडा आहे. पण वहीत अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: '२७ मार्च. दुपारी बारा दहा. मुदतवाढीचा अर्ज छापला.'

"लेक म्हणाली, नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला साधं उत्तरसुद्धा द्यायचं नाही? चार महिने ते घरात या विषयावर एक शब्द बोललेले नाहीत." बाईंनी वही मिटली. "मला अर्ज मिळालेलाच नाही. प्रिंटरमधून निघालेला प्रत्येक कागद मावशींच्या हातून माझ्याकडे येतो. तू एवढंच शोध, अर्ज छापला गेला होता का. छापला असेल तर तो मावशींनी दडवला."

"आणि छापला नसेल तर?"

"तर अण्णा खोटं लिहितात." बाई खिडकीकडे बघू लागल्या. "मला दोन्ही नकोय."

मावशीच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. चौतीस वर्षांत तिच्या हातून टाचणीसुद्धा हरवली नव्हती. आता तिच्या टेबलावर मेमो होता: अर्ज दडवल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. कार्यालयात टाइप करणारी ती एकटीच, म्हणून तो मेमो तिनेच टाइप केला होता, तिनेच छापला होता, बाई एक स्वल्पविराम विसरल्या होत्या तो तिनेच घातला होता, आणि शेवटी स्वतःला देऊन स्वतःची पोच घेतली होती.

"मावशी, खुलासा लिहिलास?" भाच्याने विचारलं.

"नाही लिहिणार."

"का?"

"तू प्रिंटर बघ," मावशी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला चहा विचारला नाही.

२

इमारतीत एक पिवळी पट्टी होती. फरशीवर रंगवलेली, चार बोटं रुंद. पट्टीच्या अलीकडे कार्यालय, पलीकडे प्रयोगशाळा. ॲप्रनवाल्यांनी इकडे यायचं नाही, चपलावाल्यांनी तिकडे जायचं नाही. नमुन्यांत बाहेरचं काही मिसळू नये म्हणून हा नियम होता, आणि तो इतका कडक पाळला जायचा की अण्णा आणि मावशी एकतीस वर्षं एकमेकांशी पट्टीच्या दोन बाजूंना उभं राहून बोलले होते. दोन देशांच्या सीमेवर शेजारी बोलतात तसे.

त्यामुळे अण्णांनी आपला छापलेला कागद स्वतः कधीच उचलला नव्हता. ते पलीकडे बटण दाबायचे, अलीकडे मावशीच्या प्रिंटरमधून कागद निघायचा, मावशी तो बाईंच्या ट्रेमध्ये ठेवायची. सही होऊन अहवाल परस्पर बाहेर. पाणी जसं टाकीतून नळाला जातं तसं. मधे कुणी ओंजळ धरून बघत नाही.

भाच्याने चप्पल काढली, पायांत पिशव्या चढवल्या आणि पट्टी ओलांडली.

अण्णांचा कॉम्प्युटर कोपऱ्यात झाकून ठेवला होता. तो इतका जुना होता की नवं विंडोज त्याच्यावर घातलं असतं तर त्याने जागीच मान टाकली असती. छप्पन्नाव्या वर्षी अण्णांनी पुस्तकं वाचून त्याच्यावर विंडोजऐवजी स्वतःच लिनक्स घातलं. मग पट्टीपलीकडच्या मावशीच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर या लिनक्सला दिसावा म्हणून अकरा रविवार घालवले. बाराव्या रविवारी पहिलं चाचणी पान निघालं. ते त्यांनी लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं. शेजारी त्यांच्या अक्षरातली सूचनांची यादी होती. कुठलं नाव कुठे घालायचं, कुठला कॉम्प्युटर आधी सुरू करायचा. सर्वांत खाली एक ओळ होती: 'छपाई न झाल्यास प्रथम पासवर्ड पाहावा.'

"एक एप्रिलपासून बंद आहे," मागून धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे अण्णांच्या हाताखाली शिकलेली केमिस्ट. अजून कायम झाली नव्हती, म्हणून हळू बोलायची.

"अण्णांची छपाई कशी चालायची?"

"छान चालायची."

"शेवटपर्यंत?"

"मला बाटल्या धुवायच्यात," धाकटी म्हणाली आणि स्वच्छ बाटल्या धुवायला निघून गेली.

भाच्याने कॉम्प्युटर सुरू केला. तो सावकाश, कण्हत, पण उठला. मग त्याने छपाईला पाठवलेल्या कागदांची रांग उघडली. पुसली गेली असेल, चार महिन्यांत काय उरणार, असं त्याला वाटलं होतं.

रांगेत सहासष्ट कागद उभे होते. पहिला पंधरा जानेवारीचा, शेवटचा एकतीस मार्चचा. प्रत्येकासमोर एकच शेरा: ओळख पटेपर्यंत थांबवला आहे.

म्हणजे पंधरा जानेवारीपासून अण्णांनी पाठवलेला एकही कागद छापला गेला नव्हता. मग अडीच महिने रोज बाईंच्या सहीने जे अहवाल बाहेर जात होते, ते आले कुठून?

३

शिपाई पट्टीजवळच्या स्टुलावर बसायचा. त्याला सगळे सीमा सुरक्षा म्हणायचे.

"मी चुगल्या करत नाही," त्याने आधीच सांगून टाकलं.

"नकोच करू."

"फक्त सांगतो. दुपारी तीनला अण्णा टाकीवर नमुना आणायला जायचे. ते गेले की धाकटी ॲप्रन काढायची, पट्टी ओलांडायची, मावशींच्या टेबलाशी जायची, दोन मिनिटांत परत. रोज. जानेवारी ते मार्च. मला वाटलं लग्नाचं वगैरे काही असेल."

"कुणाच्या?"

"ते मी कशाला विचारू? मी चुगल्या करत नाही."

"त्याआधी जायची?"

"कधीच नाही. आणि मला आठवतंय, कारण त्याच्या आदल्या दिवशीच मावशींचा कॉम्प्युटर हटून बसला होता. पासवर्ड जुना झाला, नवा द्या म्हणे. नवा कुठला द्यायचा, हे मावशींनी मलाच विचारलं. मी म्हटलं, मला कशाला सांगता, मग सगळ्यांना कळेल."

भाचा बाईंकडे गेला आणि जानेवारी ते मार्चची फाइल मागितली.

"अहवाल मोजायचेत," तो म्हणाला.

"मोज. सगळे आहेत. अण्णांनी एक दिवस चुकवला नाही. पण खरं सांगू का, शेवटी शेवटी त्यांचं लक्ष उडालं होतं. आधी कसं, एक अहवाल, एक पान. शेवटची ओळ आणि खाली सहीची जागा, सगळं मापात. जानेवारीपासून दोन पानं यायला लागली. मजकूर पहिल्यावर, आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर. मला वाटलं, दमले. म्हणून मीही मुदतवाढीचं आपणहून विचारलं नाही. दमलेल्या माणसाला कशाला भरीला घाला."

भाच्याने चौदा जानेवारीचा आणि पंधराचा अहवाल शेजारी शेजारी ठेवला. तेच शब्द, तेच रकाने. पण अक्षरांची ठेवण वेगळी. चौदाचं अक्षर अंगासरसं होतं, पंधराचं किंचित रुंद, मापाचे कपडे नसले की माणूस दिसतो तसं.

मग त्याने मोजले. पुन्हा मोजले. पंधरा जानेवारी ते एकतीस मार्च, पासष्ट अहवाल.

रांगेत सहासष्ट होते.

४

त्याने दोघींना पट्टीवर बोलावलं. मावशी अलीकडे, धाकटी पलीकडे, स्वतः पट्टीच्या दोन्ही बाजूंना एक एक पाय ठेवून. शिपाई स्टुलावर, न ऐकण्याची शिकस्त करत.

"चौदा जानेवारीला मावशीच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला," भाचा म्हणाला. "अण्णांच्या कॉम्प्युटरला जुनाच माहीत होता. पंधरापासून तो रोज दारात जाऊन जुनं नाव सांगायचा आणि दार उघडत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी यायची, चार सेकंदांत जायची. तेवढ्यात अण्णा हात धुवायला उठलेले असायचे. अहवाल गेला असं त्यांना वाटायचं. आणि अहवाल तर खरंच जात होता. कारण तीन वाजता धाकटी त्यांच्या कॉम्प्युटरवरून तो पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि मावशी आपल्या कॉम्प्युटरवरून छापायची. मावशीच्या कॉम्प्युटरवर अण्णांचं छपाईचं अक्षर, म्हणजे तो फॉन्ट, नव्हतं, म्हणून त्याने मिळेल ते वापरलं. ते रुंद, म्हणून सही दुसऱ्या पानावर. खोटं असेल तर सांगा."

धाकटी रडायला लागली, पण आवाज न करता, प्रयोगशाळेच्या शिस्तीत.

"त्यांना वाईट वाटलं असतं हो," ती म्हणाली. "रोज येऊन आधी त्या चाचणी पानावरची धूळ पुसायचे. म्हणायचे, माझं एवढं एक काम बघ, कधी बंद पडणार नाही. त्यांना कसं सांगायचं बंद पडलं म्हणून? अडीच महिने तर राहिले होते."

"आणि अर्ज?"

"मी फक्त अहवालांच्या फोल्डरमधून घ्यायची. दुसरं काही उघडत नव्हते. लोकांचं खाजगी कशाला बघायचं."

शिपायालासुद्धा कळलं. अण्णांचे पासष्ट कागद या दोघींनी प्रेमाने पट्टीपलीकडून आणले होते. सहासष्टावा त्यांना माहीतच नव्हता. छपाई खरोखर बंद पडलेली दिसली असती तर अण्णांनी अर्ज हाताने लिहिला असता. ती चालू आहे असं त्यांना वाटत राहिलं, कारण तसं वाटावं म्हणून दोन माणसं रोज धडपडत होती.

"तुला कधी कळलं?" भाच्याने मावशीला विचारलं.

"लेकीने वही उघडली तेव्हा. मार्चमध्ये छापला असं वाचलं आणि कळलं. मार्चमध्ये तिकडून काही छापलं जातच नव्हतं."

"मग खुलासा का नाही लिहिलास? यात चोरी नाही, काही नाही. एका कागदात मोकळी झाली असतीस."

"धाकटी अजून कायम नाही."

"एवढंच?"

मावशी पट्टीकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली. "पण पुढचं नाही सांगणार."

५

भाच्याला चेव आला. प्रकरण सुटलं होतं, पण एक दोरा लोंबत होता, आणि लोंबता दोरा त्याला बघवत नसे.

"अडीच महिने," तो म्हणाला. "एक दिवस समजू शकतो, दोन दिवस समजू शकतो. कुणा शहाण्याला फोन करून पासवर्ड घालून घ्यावा, हे तुमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही?"

"आलं होतं," धाकटी हळूच म्हणाली.

"तू गप्प," मावशी म्हणाली.

"कुणाला केला फोन?"

तेवढ्यात भाच्याचाच फोन वाजला. सकाळचंच गिऱ्हाईक. तो वैतागून म्हणाला, "हो हो, सांगितलं ना, तोवर पेन ड्राइव्हने चालवा. मी उद्या..."

आणि थांबला.

पलीकडचं गिऱ्हाईक हॅलो हॅलो करत राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याने शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, दोनपैकी दोन गुण मिळाले होते. उपयोग आज समजला.

"पंधरा जानेवारी," तो म्हणाला. "मी काय म्हटलं होतं, मावशी?"

"जाऊ दे ना."

"काय म्हटलं होतं?"

मावशीने एक सुस्कारा सोडला. चौतीस वर्षांची कारकून ती. तिला शब्द न् शब्द आठवत होता, तो तिचा धंदाच होता. "तू म्हणालास, दोन मिनिटांचं काम आहे, उद्या येतो. तोवर पेन ड्राइव्हने चालवा. आणि अण्णांना काही सांगू नका, म्हातारा सगळं उघडून बसेल आणि माझं काम दुप्पट करेल."

"मग मी आलो नाही."

"मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तू उद्या येणार होतास. मग आमचाही हात बसला. आणि आता खुलाशात तुझं नाव घातलं असतं, तर बाईंनी तुझं इथलं काम काढून घेतलं असतं. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

शिपाई स्टुलावरून उठला आणि आपण होऊन चहा आणायला गेला. अशा वेळी सीमेवर कुणी नसलेलं बरं, एवढं त्याला कळत होतं.

६

त्याने अण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये नवा पासवर्ड घातला. मनातल्या मनात वेळ मोजला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पट्टीच्या अलीकडे प्रिंटर जागा झाला. पंधरा जानेवारी बाहेर आला. मग सोळा. एक अहवाल, एक पान, सही खाली, मापात. बाई केबिनमधून येऊन उभ्या राहिल्या. कुणाचं पाणी कधी गढूळ होतं, कधी निवळलं, सगळं एकामागोमाग ट्रेमध्ये पडत होतं. फेब्रुवारी संपायला आला तेव्हा कागद संपले. मावशीने नवा गठ्ठा घातला. सव्वीस मार्च. सत्तावीस मार्चचा अहवाल. आणि त्याच्यामागे सहासष्टावा.

बाईंनी तो उभ्यानेच वाचला. चार ओळी होत्या. प्रकृती ठीक आहे. धाकटीला अजून दोन चाचण्या शिकवायच्या राहिल्या आहेत. घरी करण्यासारखं विशेष काही नाही. तरी एक वर्ष मुदतवाढ मिळावी, ही विनंती.

भाच्याने त्यांना सगळं सांगितलं, स्वतःच्या फोनसकट. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग हिरवं पेन काढलं आणि ते सगळं केलं जे आपण सुरुवातीलाच विसरून गेलो आहोत.

"बाई," मावशी म्हणाली, "अण्णांचं पद एक एप्रिललाच रद्द झालंय. मार्चची आवक वही बंद आहे. याला क्रमांक कुठला देऊ?"

"देऊ नका," बाई म्हणाल्या. "मला फक्त सही करायची होती."

मग त्यांनी मावशीचा मेमो मागवून घेतला आणि फाडला. मावशीने पोचेचा कागदही पुढे केला. तोही फाडला.

७

दुसऱ्या दिवशी भाचा आणि मावशी अण्णांच्या घरी गेले. या वेळी त्याने उद्या म्हटलं नाही. अण्णा टेबलाशी बसून लेकीचा रेडिओ उघडत होते. लेकीने दोघांना आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही.

भाच्याने सांगितलं. आपला वाटा गाळला नाही. मंजूर अर्ज टेबलावर ठेवला. अण्णांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो रेडिओच्या स्क्रूंखाली अंथरला, म्हणजे स्क्रू घरंगळणार नाहीत.

"पंधरा जानेवारीपासून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझी छपाई बंद होती?"

"हो, अण्णा."

"आणि हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," मावशी म्हणाली. तिच्या आणि अण्णांच्या मधे आज पट्टी नव्हती, तरी ती चार हात लांबच उभी होती. कुठे उभं राहायचं ते तिला कळेना.

"पासवर्ड बदलला असेल," अण्णा म्हणाले.

"तेच झालं होतं."

"भिंतीवर लिहिलंय की मी. खालची ओळ." त्यांनी एक स्क्रू उचलून पुन्हा कागदावर ठेवला. "मला नुसतं सांगितलं असतं, तर मी दोन मिनिटांत केलं असतं."

मुदतवाढीबद्दल ते काही बोलले नाहीत. निघताना लेकीने दार लावलं, मग पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "चार महिन्यांत पहिल्यांदा इतकं बोलले ते." ती रागावलेली होती की नाही, हे भाच्याला दाराच्या आवाजावरून ठरवता आलं नाही.

आठवड्याने प्रयोगशाळेत टपालाने एक पाकीट आलं. आत एकच पान, एका पानात मापात बसवलेलं, सही खाली. मावशीने त्याला आवक क्रमांक दिला, सेवेतल्या शेवटच्या काहींपैकी एक, आणि बाईंच्या ट्रेमध्ये ठेवलं. ते अजून तिथेच आहे. मजकूर असा:

'मा. संचालक यांस. विषय: पासष्ट अहवाल फेरछपाईबाबत. महोदया, दि. १५ जानेवारी ते ३१ मार्च या काळातील माझे पासष्ट अहवाल माझ्या नकळत अन्य यंत्रावरून, अन्य अक्षरात, प्रत्येकी दोन पानांवर छापून वितरित झाल्याचे समजले. सदर अहवालांना मी माझे मानत नाही. सबब विनंती की, ते सर्व परत मागवून रद्द करण्यात यावेत. सदर काळातील पाणी पुन्हा तपासून, अहवाल माझ्याच यंत्रावरून रोज एक याप्रमाणे छापण्याची मला अनुमती मिळावी. छपाई बंद पडल्यास तसे प्रथम मला कळवण्याचे आदेश सर्व संबंधितांना द्यावेत. आणि या कामासाठी पंधरा जानेवारीपासूनचे दिवस मला परत देण्यात यावेत.'